दात खाताय? तेही स्वतःचेच!

झोपेत कराकरा दात खाणाऱ्यावर रूममेट हसतात, घरचे जंताची गोळी देतात आणि बाजार चकचकीत स्माइल विकायला येतो. पण झिजणारे दात आधी वाचवायचे आणि मग दुरुस्त करायचे, हा साधा क्रम मात्र कुणीच सांगत नाही.

रात्रीचे पावणेतीन. रूममेटने मला गदागदा हलवून उठवलं.

‘अगं, काय चाललंय तुझं? उंदीर शिरलाय म्हणून मी टॉर्च घेऊन कॉटखाली शोधतेय आणि आवाज तुझ्या तोंडातून येतोय!’

मला खरंच वाटेना. मग दुसऱ्या रात्री तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंगच करून ठेवलं आणि सकाळी चहा पिताना ऐकवलं. खलबत्त्यात कुणीतरी खडीसाखर कुटतंय असा आवाज. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. ती मी होते.

सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत आम्ही चौघी राहतो, कॉट बेसिसवर. चौघीही स्पर्धा परीक्षावाल्या. पुढचे आठ दिवस मी अख्ख्या खोलीचा टाइमपास होते. ‘ही दिवसा सिलॅबस वाचते आणि रात्री चावून खाते’ असले जोक झाले. मीही हसले. कारण रोज रात्री माझं असं काहीतरी झिजतंय जे पुन्हा कधीच उगवणार नाही, याचा मला पत्ताच नव्हता.

आपल्या भाषेत या प्रकाराला ‘दात खाणं’ म्हणतात. किती अचूक शब्द आहे बघा. आपलेच दात, आपणच खातो. आणि बिल पण आपल्यालाच येतं.

जंत, राग आणि ‘टेन्शन नको घेऊस’

घरी फोनवर सांगितलं तर आई लगेच म्हणाली, ‘पोटात जंत झाले असतील. गोळी घे.’ मावशी म्हणाली, ‘कुणावर एवढे दातओठ खातेस गं?’ अभ्यासिकेतल्या एका मित्राने नेहमीचा सल्ला दिला, ‘टेन्शन नको घेऊस, होईल सगळं नीट.’

प्रत्येकाकडे कारण तयार होतं. ‘एकदा दात दाखवून ये’ असं मात्र एकानेही म्हटलं नाही.

जंताची गोळी घेतली. दात खाणं काही थांबलं नाही. नंतर डॉक्टरांकडून कळलं की मोठ्या माणसांचं झोपेत दात खाणं जंतांमुळे होतं याला ठोस आधार नाही. याला ब्रुक्सिझम म्हणतात आणि त्याचं मूळ पोटात नाही, झोपलेल्या मेंदूत आहे. रात्रभरात आपली झोप अधूनमधून काही सेकंदांसाठी उथळ होते. आपण जागे होत नाही, पण हृदयाचे ठोके थोडे वाढतात, आणि काही जणांच्या जबड्याचे स्नायू तेव्हा आवळायला लागतात. दातांवर दात घासले जातात. सकाळी काहीच आठवत नाही, कारण आपण तिथे नव्हतोच.

असे आपण एकटेही नसतो. मोठ्या माणसांमध्ये शंभरात साधारण आठ-दहा जण झोपेत दात खातात, असं सांगितलं जातं. लहान मुलांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त, पण बरेचदा वय वाढतं तसं ते आपोआप कमी होतं. 2018 मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने तर असं मांडलं की, एरवी तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाचं झोपेत दात खाणं हा मुळात आजारच नाही. ती जबड्याच्या स्नायूंची हालचाल आहे. प्रश्न येतो तो त्या हालचालीमुळे दातांचं, जबड्याचं नुकसान होतं तेव्हा.

मला हे ऐकून फार हलकं वाटलं. म्हणजे यात लाजण्यासारखं काही नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

आरशात काय दिसलं?

रेकॉर्डिंग ऐकल्यावर मी पहिल्यांदा स्वतःचे दात नीट बघितले. एरवी आपण आरशात दात बघतो ते पालक अडकलाय का एवढंच बघायला.

बारावीच्या निरोप समारंभाचा एक फोटो आहे माझा, खळखळून हसतानाचा. त्यात माझे सुळे टोकदार आहेत. आता ते सपाट झाले होते, कानशीने घासल्यासारखे. पुढच्या दोन दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसत होत्या आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तो कधी उडाला, मला माहीत नाही. दाढांवर मधोमध पिवळसर खड्डे.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. सकाळी उठल्यावर जबडा जड होतो, कानशिलं दुखतात. मी समजत होते, चष्म्याचा नंबर वाढला. थंड पाणी प्यायलं की सणक जाते. मला वाटलं, पुण्याचं पाणी. गालाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ उमटलेली. ती तर कधी बघितलीच नव्हती.

आपल्याकडे दातांच्या डॉक्टरकडे जायचा एकच मुहूर्त असतो, दाढ ठणकायला लागली की. झिजणारे दात इथेच फसवतात. ते कित्येक वर्षं दुखतच नाहीत. दाताच्या बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपून जातात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते, इनॅमल गेलं की गेलं. त्याच्या खालचा डेंटिन हा थर पिवळसर आणि बराच मऊ असतो. तो उघडा पडला की झीज आणखी वेगाने होते आणि गार-गरम झोंबायला लागतं. म्हणजे कळ जाते तेव्हा पहिली तटबंदी आधीच पडलेली असते.

एक लाख चार हजारांचं हसू

मी घाबरले. इन्स्टाग्राम उघडलं. दोनदा ‘वोर्न टीथ’ सर्च केल्यावर माझं फीड पांढऱ्याशुभ्र दातांनी भरून गेलं. बिफोर, आफ्टर. तीन दिवसांत नवी स्माइल. एका क्लिनिकची जाहिरात आवडली, अपॉइंटमेंट घेतली.

क्लिनिक एकदम झकास. एसी, कॉफी मशीन, मंद गाणी. दहा मिनिटं दात बघून मला सांगण्यात आलं की वरच्या आठ दातांना कॅप बसवाव्या लागतील. एका कॅपचे तेरा हजार, आठांचे एक लाख चार हजार. ‘डोन्ट वरी, ईएमआय आहे.’ बाबा मला महिन्याला नऊ हजार पाठवतात. लातूर जिल्ह्यात आमची चार एकर शेती. सोयाबीनची पट्टी हातात आली की आधी उधारी फिटते आणि मग माझे पैसे येतात. मी त्या खुर्चीतच हिशेब केला. माझं जवळजवळ पूर्ण एक वर्ष.

मी फक्त एक प्रश्न विचारला. ‘कॅप बसवल्यावर रात्री दात खाणं थांबेल का?’

‘नाही, तसं नाही. ते वेगळं.’

‘मग कॅप पण झिजतील? तुटतील?’

‘काळजी घ्यावी लागेल.’

कसली काळजी? झोपेत? दात रात्री खाते की नाही हे त्यांनी मला विचारलंही नव्हतं. मीच सांगितलं होतं. ‘विचार करून कळवते’ म्हणून मी बाहेर पडले. जिन्यात रडू आलं. एक लाखाचं नाही आलं. आपले दात आपल्याला परवडणार नाहीत, याचं आलं.

त्या डॉक्टरांनी मला फसवलं असं मी म्हणत नाही. कॅप ही खरोखरची उपचारपद्धत आहे आणि काही दातांना तिच्याशिवाय पर्यायही नसतो. माझा आक्षेप क्रमाला आहे. छप्पर गळतंय आणि तुम्ही भिंतीला रंग काढताय. रंग कितीही भारी असो, पहिल्या पावसात पोपडे येणारच.

मेसच्या बिलाएवढं कवच

मग एका ताईने सांगितलं, डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जा. गेले. तिथे कॉफी मशीन नव्हतं, रांग होती. नंबर लागायला दोन तास लागले. पण पीजी करणाऱ्या एका डॉक्टर ताईंनी पाऊण तास दिला. कधी उठता, किती चहा, कोणत्या गोळ्या चालू, घोरता का, पित्त होतं का, दिवसासुद्धा दात आवळून बसता का, सगळं विचारलं. जबड्याचे स्नायू दाबून बघितले. दातांचे फोटो काढले. ‘सहा महिन्यांनी पुन्हा काढू, म्हणजे झीज चालू आहे की थांबलीय ते कळेल,’ म्हणाल्या.

आणि मग म्हणाल्या, ‘आज कॅपचा विषय नको. आधी आहेत ते दात वाचवू.’

वाचवायचे कसे? नाइट गार्डने. दातांचं माप घेतात आणि त्यावरून कडक, पारदर्शक ॲक्रिलिकचं एक कवच बनवतात. माझं वरच्या दातांवर बसतं. रात्री तुम्ही दात खालच, पण घासलं जाईल ते ॲक्रिलिक, इनॅमल नाही. शिवाय सगळा दाब एखाद्या दातावर न येता सगळ्या दातांवर पसरतो. गार्ड दात खाणं बंद करत नाही, हे मला त्यांनी दोनदा सांगितलं. तो हेल्मेटसारखा आहे. हेल्मेट अपघात थांबवत नाही, डोकं वाचवतं.

मला सगळं मिळून दोन हजार रुपये खर्च आला. मेसच्या बिलापेक्षा कमी.

पहिले चार दिवस वैताग होता. तोंडात प्लॅस्टिकचा रवंथ चाललाय असं वाटायचं, लाळ यायची, झोपेत मी तो काढून उशीखाली टाकायचे. एकदा टिश्यूत गुंडाळून ठेवला तर रूममेटने कचरा समजून डब्यात टाकला. सगळा डबा ओतून शोधला. तेव्हापासून गार्ड त्याच्या डबीतच. आठवड्याने सवय झाली. महिन्याभराने त्यावर बारीक बारीक चरे दिसायला लागले, जुन्या पोळपाटावर असतात तसे. ते चरे बघून अंगावर काटा आला. एरवी हे सगळं माझ्या दातांवर उमटलं असतं.

दुरुस्ती दिसते, संरक्षण दिसत नाही

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. नाइट गार्डची रील कुणी बनवत नाही. बनवणार तरी काय? अंधारात, झोपेत, तोंडाच्या आत असलेला प्लॅस्टिकचा तुकडा. त्यात बिफोर-आफ्टर नाही. उलट तो नीट काम करतो तेव्हा ‘आफ्टर’ अगदी ‘बिफोर’सारखाच दिसतो! काहीच बदललं नाही हेच त्याचं यश. अशी गोष्ट विकणार कशी?

स्माइल मात्र विकता येते. आणि आपणही तेच मागतो. लग्नाआधी, इंटरव्ह्यूआधी, पहिल्या पगारात. चांगलं दिसावंसं वाटणं यात गैर काही नाही, मलाही वाटतं. फोटोत ओठ मिटून हसायची सवय मलाही लागली होती. पण कॅपसाठी दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. एकदा कोरलेला दात परत पहिल्यासारखा होत नाही. आधीच झिजलेल्या दातावरून आणखी थर उतरवायचा आणि रात्रीचं घासणं तसंच चालू ठेवायचं, म्हणजे तिशीच्या आत दुसरी कॅप, मग रूट कॅनाल, मग आणखी काही. बावीस-तेविसाव्या वर्षी सुरू झालेला हा खर्च आयुष्यभर पाठ सोडत नाही.

मग दुरुस्ती कधी? कशी?

दुरुस्ती करायचीच. पण झीज आटोक्यात आहे हे दिसल्यावर, आणि कमीत कमी कोरून.

माझं असं झालं. चार महिने गार्ड वापरल्यावर डॉक्टर ताईंनी पुढच्या चार दातांच्या कडा आणि दोन सुळ्यांची टोकं कंपोझिटने बांधून दिली. कंपोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं ते मटेरियल, ज्याला आपण सरसकट ‘सिमेंट भरलं’ म्हणतो. दातावर ते थरावर थर चढवतात, निळ्या लाइटने घट्ट करतात आणि पॉलिश करतात. कोरणं जवळजवळ नाहीच. मला इंजेक्शनसुद्धा लागलं नाही. दोन बैठकांत काम झालं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, ‘हे कायमचं नाही. काही वर्षांनी कड उडेल, रंग बदलेल. तेव्हा तेवढंच परत लावू.’ मला हा व्यवहार आवडला. उडेल ते कंपोझिट, दात नाही.

दातांचा आकार बदलल्यामुळे जुना गार्ड बसेना. तो आतून घासून, भरून पुन्हा बसवून दिला. नशीब, नवा करावा लागला नाही. म्हणून ज्यांना दुरुस्ती लगेच करायची आहे त्यांनी गार्ड आणि दुरुस्ती दोन्हींचा प्लॅन सुरुवातीलाच एकत्र विचारून घ्यावा. नाहीतर गार्डचा खर्च दोनदा होतो.

झीज जास्त असेल तर गणित अवघड होतं. दात वर्षानुवर्षं हळूहळू झिजतात तेव्हा ते हाडासकट थोडे थोडे समोरच्या दाताकडे सरकत राहतात, चावताना दात एकमेकांना टेकावेत म्हणून. त्यामुळे दात तर आखूड झालेला असतो, पण त्यावर काही बांधायला जागाच उरत नाही. अशा वेळी एक-दोन दात बघून चालत नाही, सगळ्या चाव्याचा विचार करावा लागतो. 1975 मध्ये नॉर्वेतल्या डाल नावाच्या दंततज्ज्ञाने यावर एक युक्ती मांडली. पुढच्या दातांवर थोडी उंची चढवायची, मागच्या दाढा काही काळ टेकत नाहीत, आणि काही महिन्यांत दात आपापली जागा बदलून पुन्हा टेकायला लागतात. मध्ये जागा तयार होते, तीही दात न कोरता. आज हेच काम बरेचदा कंपोझिट लावून केलं जातं. सगळ्यांना हे लागू पडत नाही, पण ‘न कोरता काही होईल का?’ हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

आणि कॅप कधी? दाढेला तडा गेलाय, रूट कॅनाल झालंय, अर्ध्याहून जास्त दात गेलाय, तर कॅप किंवा ऑनले लागू शकतं. तेव्हा घाबरून टाळू नका. फक्त ते बसवल्यावरही रात्री गार्ड घालायचाच.

ऑनलाइन मिळणाऱ्या, गरम पाण्यात मऊ करून चावायच्या गार्डबद्दल मला बरेच जण विचारतात. काही दिवसांची नड म्हणून ठीक. पण मऊ गार्ड काही जण च्युइंगमसारखा आणखीच चावत बसतात. आणि फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे गार्ड महिनोन्‌महिने विचारल्याशिवाय वापरले तर बाकीचे दात सरकू शकतात, चावाच बदलतो. चष्मा जसा दुसऱ्याच्या नंबरचा लावत नाही, तसंच हे.

टेन्शन एकटंच गुन्हेगार नाही

आमच्या पिढीच्या कुठल्याही दुखण्याला ‘स्ट्रेस’ हे नाव चिकटवलं की विषय संपतो. ताणाचा संबंध आहेच. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पाहणीत निम्म्याहून जास्त डेंटिस्टांनी सांगितलं होतं की दात खाणारे पेशंट वाढलेत. पण फक्त ताण धरून बसलं की बाकीची कारणं सुटतात. अति चहा-कॉफी, दारू, तंबाखू आणि सिगारेट यांचा संबंध दिसून आलाय. डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांमुळेही हे सुरू होऊ शकतं. पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. घरात आई-वडिलांना सवय असेल तर आपल्याला असण्याची शक्यता जास्त. आणि जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर गार्डच्याही आधी झोपेची तपासणी करून घ्यायला हवी.

माझ्याबाबतीत आणखी एक उघड झालं. मी दिवसासुद्धा दात आवळून बसत होते. सीसॅटचा पेपर सोडवताना तर हमखास. खरं तर जेवण सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचं काही कारणच नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल, ही जबड्याची आरामाची अवस्था. मी टेबलावर, मोबाइलच्या मागे, पाण्याच्या बाटलीवर पिवळे स्टिकर लावलेत. त्यावर एकच शब्द आहे, ‘सोड’. दिसला की जबडा सोडायचा. अभ्यासिकेत शेजारच्या मुलाला वाटलं, मी कुणाला तरी विसरायचा प्रयत्न करतेय!

झिजेला मदत करणारे आणखी दोघे आहेत. एक म्हणजे आंबट. कोल्ड्रिंक, एनर्जी ड्रिंक, रोज सकाळचं लिंबूपाणी आणि घशाशी येणारं पित्त यांनी इनॅमल वरवर मऊ पडतं. त्यावर रात्री दात घासले गेले की झीज दुप्पट जोरात. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. दुसरा म्हणजे खरखरीत घासणं. गावाकडे अजूनही राखुंडी, मिश्री चालते. मिश्री तर तंबाखूच. आणि शहरात आपण कडक ब्रशने दात असे घासतो, जणू कढईच.

पण पैसे?

‘हे सगळं परवडणाऱ्यांचं’ असं म्हणाल, तर मला मान्य आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दातांचा असा खर्च मिळत नाही. जणू दात हा शरीराचा भागच नाही, चैनीची वस्तू आहे. म्हणूनच स्वस्त काय आणि कुठे ते माहीत असायला हवं. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. बाकी शहरांतल्या खासगी डेंटल कॉलेजांच्या ओपीडीतही खर्च सहसा चकचकीत क्लिनिकपेक्षा कमी येतो. वेळ लागतो, हे खरं. सोबत पुस्तक न्या.

पण सगळं आपल्यावरच का? कॉलेजात प्रवेशाच्या वेळी मेडिकल फॉर्म भरून घेतात. त्यात रक्तगट असतो, दात कुठे असतात? होस्टेलच्या आरोग्य शिबिरात वजन-उंची मोजतात. एक डेंटिस्ट बसवला आणि ‘सकाळी जबडा दुखतो का?’ एवढा एक प्रश्न विचारला तर किती जण वेळेत कळतील. आणि डेंटिस्टांनाही एक विनंती. तरुण पेशंटचे झिजलेले दात बघितल्यावर कॅपचा रेट सांगण्याआधी विचारा, ‘रात्री दात खाता का?’ या प्रश्नाला काही खर्च येत नाही.

शेवटी घरच्यांनाही. आमच्या वयाची मुलं घरापासून लांब, कॉट बेसिसवर राहतात. फोनवर रोज विचारणा होते, अभ्यास किती तास झाला, जेवलीस का. झोप कशी लागते, हे कुणी विचारत नाही. आमच्या झोपेचा आवाज घरी पोहोचत नाही. तो ऐकू येतो फक्त रूममेटला.

म्हणून तुमची रूममेट झोपेत दात खात असेल तर तिची चेष्टा जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण तिला रेकॉर्डिंगही ऐकवा आणि डॉक्टरकडे पाठवा. माझ्या रूममेटने ते केलं म्हणून माझे दात वाचले. परवा ती तक्रार करत होती, गार्डमुळे आता नुसता घुं-घुं आवाज येतो, उंदराची मजा गेली.

मी हसले. ओठ न मिटता.

हे लक्षात ठेवा

- सकाळी जबडा जड, कानशिलं दुखणं, सुळे सपाट होणं, कडा आरपार दिसणं, थंड झोंबणं या खुणा आहेत. ठणका लागायची वाट बघू नका.
- आधी तपासणी आणि गार्ड, मग दुरुस्ती. तडा गेला असेल किंवा दुखत असेल तर मात्र लगेच दाखवा.
- आज दातांचा जवळून एक फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा काढा. फरक दिसला तर तो डॉक्टरांना दाखवा.
- गार्ड थंड पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्यात वाकतो. डबीतच ठेवा आणि तपासणीला जाताना सोबत न्या.
- मोठा खर्च सांगितला तर दुसरं मत घ्या. ‘न कोरता काय करता येईल?’ आणि ‘दात खाणं चालू राहिलं तर हे किती टिकेल?’ हे दोन प्रश्न विचाराच.
- दिवसा ओठ मिटलेले, दात सुटे. आत्ता हे वाचताना तुमचे दात आवळलेले आहेत का, तेही बघा.